पत्रे, पत्ते आणि तिथी : ई-मेलचे नवे बिऱ्हाड

वाराणसी : काशीतील ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगा घाटाच्या परिसरात अनेक पिढ्यांपासून मराठी कुटुंबे राहत आली आहेत. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे धार्मिक विधी करणाऱ्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. गाव, आडनाव, कोण कोणत्या साली आले, बरोबर कोण होते, अशा नोंदी त्यांत आढळतात. वही जीर्ण झाली की तिच्यातील मजकूर नव्या वहीत उतरवून घ्यावा लागतो. जुन्या नोंदी मोडी लिपीत असल्याने हे काम मोडी जाणणाऱ्यानेच करावे लागते. मोडी न येणाऱ्याच्या हाती ती वही सुरक्षित राहते, परंतु तिच्यातील माहिती त्याच्या उपयोगी पडत नाही.

संगणकावरील ई-मेल, संपर्क-पत्ते आणि दिनदर्शिका एका प्रोग्रॅममधून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये हलवण्याचे काम या उतरवणीपेक्षा फारसे वेगळे नाही. फाईल नव्या संगणकावर पोहोचली म्हणजे माहिती पोहोचली, असे पुष्कळजण समजतात. प्रत्यक्षात फाईल शाबूत असूनही नाव वाचता येत नाही, तारीख एका दिवसाने मागे सरकते, किंवा श्राद्धाची तिथी भलत्याच महिन्यात जाऊन पडते. यातील बरेचसे दोष स्थलांतराच्या दिवशी दिसतच नाहीत.

हा प्रश्न आता अनेकांसमोर एकाच वेळी उभा राहिला आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीला दिला जाणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्याच दिवशी आउटलुक २०१६ आणि आउटलुक २०१९ यांचाही आधार संपला. त्यापूर्वी, ३१ डिसेंबर २०२४ नंतर, विंडोजसोबत मिळणारे मेल आणि कॅलेंडर हे दोन छोटे प्रोग्रॅम बंद करण्यात आले. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल व्यवस्था झोहो या भारतीय कंपनीच्या प्रणालीवर नेण्यात आल्याचे वृत्त ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले होते. तेथे पत्ते मात्र पूर्वीचेच ठेवण्यात आले. अशा मोठ्या कार्यालयांत हे काम तज्ज्ञांच्या हाती असते. घरगुती वापरकर्ता, लहान संस्था आणि उपाध्यायांसारखे व्यावसायिक यांना ते स्वतःच करावे लागते.

पत्रे नेमकी कोठे आहेत?

कामाला हात घालण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर शोधणे आवश्यक आहे. आपली पत्रे आपल्या संगणकात आहेत, की सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर?

ई-मेल मिळवण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. त्यांतील जुन्या पद्धतीला पॉप म्हणतात. टपाल कचेरीत जाऊन आपले पत्र घरी घेऊन यावे आणि कचेरीत काहीही शिल्लक राहू नये, तसा हा प्रकार आहे. दुसऱ्या पद्धतीला आयमॅप म्हणतात. तिच्यात मूळ पत्र कचेरीतच राहते आणि आपण घरबसल्या त्याची प्रत पाहतो. आयमॅप वापरणाऱ्याचे काम सोपे असते. नव्या प्रोग्रॅममध्ये खाते जोडले, की सर्व्हरवरील पत्रे आपोआप दिसू लागतात.

पॉप वापरणाऱ्यांची मात्र वेगळी कहाणी आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हापासून पुढची अनेक वर्षे टेलिफोनच्या तारेवरून जोडणी घ्यावी लागे आणि मिनिटामिनिटाचे पैसे पडत. पत्रे संगणकात उतरवून घ्यावीत, जोडणी तोडावी आणि मग सावकाश वाचावीत, हाच शहाणपणाचा मार्ग होता. शिवाय टपालपेटीही लहान असे. हॉटमेलवर त्या काळी अवघी २ मेगाबाईट जागा मिळत असे. १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने १ गीगाबाईट जागा देऊ केली, तेव्हा ती तारीख पाहून अनेकांना ती थट्टाच वाटली होती. या साऱ्यामुळे त्या काळातील पत्रव्यवहार सर्व्हरवर सापडत नाही. तो जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवरच असतो, आणि ती डिस्क बिघडली तर दुसरी प्रत कोठेही नसते.

ही पत्रे ज्या फाईलींत साठवलेली असतात त्यांचे प्रकार निरनिराळे आहेत. आउटलुक एक्स्प्रेस हा प्रोग्रॅम प्रत्येक फोल्डरसाठी डीबीएक्स नावाची फाईल तयार करत असे. आउटलुक पीएसटी नावाच्या एकाच फाईलमध्ये पत्रे, पत्ते आणि दिनदर्शिका ठेवतो. थंडरबर्ड हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम एमबॉक्स प्रकार वापरतो. त्यात सर्व पत्रे साध्या मजकुराच्या रूपात एकापाठोपाठ एक लिहिलेली असतात. एखादा प्रकार किती टिकेल याचा विचार केला तर एमबॉक्सच सर्वांत भरवशाचा म्हणावा लागेल, कारण तो उघडण्यास कोणत्याही एका कंपनीच्या मर्जीची गरज पडत नाही. जुन्या पीएसटी फाईलींना २ गीगाबाईटची मर्यादा होती. आउटलुक २००३ मध्ये युनिकोडवर आधारलेली नवी पीएसटी आली आणि ही मर्यादा वाढली. मायक्रोसॉफ्टच्या नव्या आउटलुकमध्ये तर आरंभी पीएसटी उघडण्याची सोयच नव्हती. ती पुढे टप्प्याटप्प्याने येऊ लागली. जुना प्रोग्रॅम काढून टाकण्याची घाई करू नये, याचे हे एक कारण आहे.

जुना प्रोग्रॅम अजून चालू असेल आणि नवे खाते आयमॅपचे असेल, तर सर्वांत सोपा उपाय असा : जुन्याच प्रोग्रॅममध्ये नवे खाते जोडावे आणि जुन्या फोल्डरांतील पत्रे नव्या खात्यातील फोल्डरांत हलवण्याऐवजी त्यांची नक्कल तेथे न्यावी. पत्रे सर्व्हरवर चढतात आणि मग कोठूनही दिसतात. हजारो पत्रे असतील तर एका वेळी एक फोल्डर, शक्य तर एकेका वर्षाचा, घेणे श्रेयस्कर. मध्येच वीज गेली तर कोठवर आलो होतो हे तरी कळते.

फार जुन्या प्रोग्रॅमांना हा मार्ग बंद आहे. आजचे सर्व्हर लॉगिनसाठी नवी सुरक्षा पद्धत मागतात. केवळ नाव आणि पासवर्ड देऊन आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यात शिरण्याची सोय सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाली. आउटलुक एक्स्प्रेसला ही नवी पद्धत ठाऊकच नाही. अशा वेळी पत्रे निवडून डेस्कटॉपवरील एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये माऊसने ओढून आणावीत. प्रत्येक पत्राची ईएमएल प्रकारची स्वतंत्र फाईल तयार होते. ती पेन ड्राईव्हवर घेऊन नव्या संगणकावरील थंडरबर्डच्या फोल्डरमध्ये त्याच रीतीने ओढता येते. काम कंटाळवाणे आहे, परंतु पैसे देऊन घेतलेल्या अनोळखी रूपांतर-प्रोग्रॅमच्या हाती सारा पत्रव्यवहार सोपवण्यापेक्षा ते निश्चितच बरे. पाठवलेल्या पत्रांचा फोल्डर या घाईत हमखास राहून जातो. आपण काय कबूल केले होते, याची नोंद तर त्यातच असते.

स्थलांतरानंतर सर्व पत्रांवर आजचीच तारीख दिसू लागली, तर घाबरण्याचे कारण नाही. पत्र लिहिल्याची तारीख पत्राच्या आतच असते. नवा प्रोग्रॅम कित्येकदा पत्र त्याच्याकडे पोहोचल्याची तारीख दाखवतो. क्रम लावताना ‘पाठवल्याची तारीख’ हा पर्याय निवडला की प्रश्न सुटतो.

काळे आणि काले

पत्त्यांची देवाणघेवाण प्रामुख्याने दोन प्रकारच्या फाईलींतून होते. पहिला प्रकार व्हीकार्ड किंवा व्हीसीएफ, आणि दुसरा सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी यादी. इंग्रजी नावांच्या बाबतीत दोन्ही मार्ग बिनधोक आहेत. देवनागरीत लिहिलेल्या नावांची मात्र वाटेत दुर्दशा होऊ शकते.

व्हीकार्डच्या जुन्या, २.१ क्रमांकाच्या आवृत्तीत देवनागरी अक्षरे थेट लिहिली जात नाहीत. त्यांच्याऐवजी बरोबरची चिन्हे, इंग्रजी अक्षरे आणि अंक यांची एक लांबलचक रांग लिहिली जाते. नव्या प्रोग्रॅमला तिचा अर्थ लावता आला नाही, तर यजमानाच्या नावाच्या जागी तीच रांग दिसते. २०११ मध्ये निश्चित झालेल्या ४.० आवृत्तीत युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपाची सक्ती करण्यात आली. त्यामुळे पत्ते बाहेर काढताना आवृत्ती निवडण्याची सोय असेल तर ३.० किंवा ४.० निवडावी. सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा साठवली, तर तिच्यातील देवनागरीच्या जागी निव्वळ प्रश्नचिन्हे उरण्याचा धोका असतो. साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार घ्यावा, आणि एक्सेलने मोबाईल क्रमांकांची लांब संख्या किंवा क्रमांकांच्या आरंभीची शून्ये बदललेली नाहीत ना, हेही पाहावे.

युनिकोड रुळण्यापूर्वीच्या काळातील याद्या हा यातील सर्वांत अवघड भाग म्हणावा लागेल. श्रीलिपी, आकृती, शिवाजी किंवा पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे फॉन्ट वापरून मराठी मजकूर लिहिला जाई, तेव्हा संगणकाच्या पोटात प्रत्यक्षात वेगळीच चिन्हे साठवली जात आणि फॉन्ट त्यांना मराठी अक्षरांचे रूप देत असे. अशी यादी एक्सेलमध्ये असताना ठीक दिसते. सीएसव्ही करताच फॉन्टची माहिती गळून पडते आणि उरतो तो अर्थहीन अक्षरांचा ढीग. जुन्या वहीतील मोडीचीच ही गत आहे. फरक इतकाच, की मोडी जाणणारा माणूस आजही भेटतो, पण कोणता फॉन्ट वापरला होता हे सांगणारा भेटेलच असे नाही. म्हणून यादी बाहेर काढण्याआधी, मूळ फाईल उघडी असतानाच, फॉन्टचे नाव कागदावर लिहून ठेवावे आणि रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने ती प्रथम युनिकोडमध्ये आणावी.

मजकूर युनिकोडमध्ये आला म्हणजे सारे निर्वेध झाले, असेही नाही. ‘कऱ्हाडे’ या नावातील अर्धा र दोन निरनिराळ्या प्रकारे टंकलिखित करता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ती वेगवेगळी असतात. एका रूपाने शोध घेतला तर दुसरे सापडत नाही आणि ‘हे यजमान आपल्या यादीत नाहीत’ असा समज होतो. काशीत आणखी एक अडचण उद्भवते. स्थानिक हिंदी टंकलेखक ‘ळ’ ऐवजी ‘ल’ लिहितो. त्यामुळे ‘काळे’ आणि ‘काले’ या एकाच कुटुंबाच्या दोन नोंदी असू शकतात, किंवा खरोखरच दोन वेगळी कुटुंबेही असू शकतात. दुहेरी नोंदी एकत्र करण्याची यांत्रिक सोय येथे निरुपयोगी ठरते. हे काम घरातील जाणत्या माणसानेच शेजारी बसून करायचे आहे.

आणखी एक बाब पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पत्र लिहिताना दोन अक्षरे टाइप करताच जो पत्ता आपोआप समोर येतो, तो संपर्क-यादीत असेलच असे नाही. प्रोग्रॅमने तो स्वतःच्या आठवणीत ठेवलेला असतो. स्थलांतरात यादी जाते, आठवण मागे राहते. वर्षातून एकदाच पत्र पाठवणाऱ्या माणसाचा पत्ता नेमका असाच हरवतो. जुना प्रोग्रॅम चालू असतानाच असे पत्ते संपर्क-यादीत घालून घ्यावेत.

पत्ता बदलण्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या तंत्रज्ञान संस्थेला २९ जून २०१२ पासून आयआयटीचा दर्जा मिळाला, संस्थेचे नाव बदलले, आणि ई-मेलच्या पत्त्यासाठी नवे रूपही आले. तरी पुढची अनेक वर्षे जुन्या आणि नव्या, दोन्ही रूपांतील पत्ते वापरात राहिले. व्यक्तीनेही हाच कित्ता गिरवावा. जुन्या खात्यावर येणारी पत्रे नव्या खात्याकडे वळवण्याची सोय चालू करावी आणि अधूनमधून जुन्या खात्यात लॉगिन करावे. गूगलने डिसेंबर २०२३ पासून, दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण अमलात आणले आहे.

तिथीचे काय करावे?

दिनदर्शिकेतील नोंदी आयसीएस नावाच्या फाईलमधून नेल्या जातात. हा प्रकार जवळजवळ सर्व प्रोग्रॅम जाणतात. नोंदी थेट आपल्या मुख्य दिनदर्शिकेत उतरवू नयेत. नव्या प्रोग्रॅममध्ये एक रिकामी, वेगळी दिनदर्शिका तयार करावी आणि फाईल तिच्यात घ्यावी. काही बिघडले तर ती एकटी पुसता येते. चुकून दोनदा आयात झालेल्या पाचशे नोंदी एकेक करून पुसत बसण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला या सूचनेचे महत्त्व सांगावे लागणार नाही.

वेळेच्या नोंदींत भारतीय प्रमाण वेळ नीट पोहोचली की नाही, हे तपासावे. भारतातील मध्यरात्र म्हणजे जागतिक प्रमाण वेळेनुसार आदल्या दिवशीचे सायंकाळचे साडेसहा. एखाद्या जुन्या प्रोग्रॅमने ‘पूर्ण दिवस’ ही नोंद मध्यरात्र ते मध्यरात्र अशी लिहिली असेल आणि नव्याने ती जागतिक वेळ म्हणून वाचली, तर एका दिवसाचे कार्य दोन दिवसांवर पसरलेले दिसते. परदेशातील मराठी कुटुंबांशी ज्यांचा पत्रव्यवहार आहे, त्यांना याचा त्रास अधिक होतो.

तिथीवर आधारलेल्या नोंदींचा प्रश्न मात्र कोणताही प्रोग्रॅम आपणहून सोडवत नाही. सर्वपित्री अमावास्या २०२५ मध्ये २१ सप्टेंबरला होती. ‘दरवर्षी’ असा पर्याय निवडून ती नोंद ठेवली असेल, तर नवा प्रोग्रॅम २०२६ मध्येही ती इमानेइतबारे २१ सप्टेंबरलाच दाखवणार. प्रत्यक्षात २०२६ मध्ये ज्येष्ठ महिना अधिक असल्याने ही अमावास्या १० ऑक्टोबरला येते. फरक १९ दिवसांचा पडतो. आयसीएस प्रकाराच्या नियमांत इतर कालगणनांसाठी २०१५ मध्ये भर घालण्यात आली, परंतु सर्वसामान्यांच्या वापरातील बहुतेक प्रोग्रॅमांत मराठी पंचांगाच्या तिथीनुसार नोंद पुन्हा पुन्हा येण्याची सोय नाही. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेले राष्ट्रीय पंचांगही सौर असल्याने तिथीच्या कामी येत नाही.

यात काशीमुळे आणखी एक गुंता निर्माण होतो. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, तर उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते. वद्य पक्षात मात्र काशीचा महिना एक घर पुढे असतो. महाराष्ट्रातील श्रावण वद्य अष्टमी, म्हणजे गोकुळाष्टमी, काशीच्या पंचांगात भाद्रपद कृष्ण अष्टमी असते. महाशिवरात्र महाराष्ट्रात माघात येते, काशीत फाल्गुनात. दिवस तोच, नाव वेगळे.

आता समजा, साताऱ्याहून एखाद्या यजमानाने ई-मेलने कळवले, की मातोश्रींचे श्राद्ध भाद्रपद वद्य नवमीला करायचे आहे. जुन्या संगणकावर ही नोंद मराठी पंचांग पाहून योग्य तारखेला केलेली होती. स्थलांतरात तारीख बिघडली म्हणून मदतीला घेतलेल्या स्थानिक मुलाने शीर्षकातील तिथी वाचली आणि बनारसच्या पंचांगात भाद्रपद कृष्ण नवमी शोधली. त्याला जो दिवस मिळेल तो पितृपक्षातला नसेल. तो गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवसाचा, म्हणजे महाराष्ट्रात जेव्हा गोपाळकाला असतो त्या सुमाराचा असेल. ठरल्या दिवसाच्या एक महिना आधी! यजमान आपल्या हिशेबाने रेल्वेचे आरक्षण करून काशीला पोहोचेल, तेव्हा इकडे ती नोंद कधीच उलटून गेलेली असेल. यात संगणकाची चूक नाही, मुलाचीही नाही. तिथी कोणत्या पंचांगाची, हे नोंदीत लिहिलेलेच नव्हते.

यावर उपाय साधा आहे, पण तो स्थलांतरापूर्वी करायचा आहे. तिथीवर आधारलेल्या नोंदींची पुनरावृत्ती रद्द करावी. नोंदीच्या शीर्षकात तिथी, तिच्यापुढे ‘महाराष्ट्र’ किंवा ‘काशी’ असा शब्द, आणि त्या वर्षीची इंग्रजी तारीख, अशा तिन्ही गोष्टी लिहाव्यात. गुढीपाडव्याला नवे पंचांग घरात आले की पुढील वर्षाच्या तारखा हाताने भराव्यात. शंभर नोंदी असतील तर एका बैठकीचे काम आहे.

जुन्याची विल्हेवाट

स्थलांतर पुरे झाले असे मानण्यापूर्वी मोजणी करावी. जुन्या प्रोग्रॅममधील प्रत्येक फोल्डरमध्ये किती पत्रे होती आणि नव्यात किती आहेत, हे आकडे समोरासमोर लिहावेत. त्यानंतर सर्वांत जुने पत्र, जोडपत्र असलेले एखादे पत्र, देवनागरी विषय असलेले एखादे पत्र आणि ळ व ऱ्ह असलेली चार-दोन नावे उघडून पाहावीत. नव्या आउटलुकमध्ये जीमेलसारखे अन्य कंपनीचे खाते जोडल्यास त्यातील पत्रांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर घेतली जाते आणि तशी सूचना पडद्यावर येते. ती न वाचता ‘पुढे’ हे बटण दाबू नये. यजमानांच्या घरगुती बाबी त्या पत्रांत असतात.

मूळ फाईलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. त्यांपैकी एक तरी वेगळ्या इमारतीत असावी. घाटालगतच्या घरांत पुराचे पाणी शिरते, तेव्हा संगणक आणि त्याच्या शेजारी ठेवलेली डिस्क एकदमच भिजतात. जुना संगणक लगेच विकू नये. पत्रांतील दोष आठवड्याभरात आणि पत्त्यांतील दोष महिन्याभरात ध्यानात येतात, पण दिनदर्शिकेतील चूक ती तिथी फिरून येईपर्यंत कळत नाही. म्हणून एक पितृपक्ष आणि एक गुढीपाडवा उलटेपर्यंत तो संगणक चालू स्थितीत ठेवावा. त्यानंतर विकायचा झाल्यास, आधी त्यावरील खात्यांतून बाहेर पडावे, पासवर्ड बदलावेत आणि हार्ड डिस्क काढून घ्यावी किंवा ती पूर्णपणे पुसून द्यावी.